आधी पाणी, मग लाकूड, रंग सगळ्यात शेवटी: जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर स्वतःच्या हातांनी उभा करताना

रबाळे एमआयडीसीतल्या एका बंद शेडमागे मला हा ट्रेलर दिसला तेव्हा त्याच्यावर गुळवेल चढलेली होती. गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली: बारा फुटी, दोनचाकी, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून लाकडी सांगाडा. मालकांनी 1980च्या दशकात एका गॅरेजवाल्याकडून तो बनवून घेतला होता. मुलं लहान असताना दर मे महिन्यात सगळं कुटुंब तो घेऊन कोकणात उतरायचं. आतला सनमायका अजून चकचकीत होता, पडदे घडी घालून कपाटात ठेवलेले होते. मी खिशातून दाभण काढलं, खिडकीखालच्या कोपऱ्यात टेकवलं, आणि बोटाच्या जोरावर ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला तपकिरी, ओला भुसा. सनमायक्यामागे लाकूड असं उरलेलंच नव्हतं.

तरीही मी तो घेतला. त्याला उभं करायला तीन हिवाळे लागले. त्यातला पहिला जवळजवळ पूर्ण वाया गेला, कारण मी पाणी कुठून येतंय ते न शोधताच आतलं काम काढलं होतं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. परदेशातल्या कोरड्या प्रदेशातली माणसं व्हिडिओत ज्या क्रमाने काम करतात, तो क्रम इथे चालत नाही. इथलं वेळापत्रक पाऊस ठरवतो.

घेण्याआधी: कागद आणि दाभण

ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःचं आरसी आणि स्वतःचा नंबर लागतो, ओढणाऱ्या गाडीच्या कागदांवर तो चालत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच चेसिस नंबर शोधा. तो बहुतेक पुढच्या दांडीवर, गंजाच्या थराखाली असतो. रॉकेलच्या फडक्याने जागा साफ करा, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी ताडून पाहा. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षं चालते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण होतं. एवढ्या जुन्या ट्रेलरचं नूतनीकरण बहुधा राहून गेलेलं असतं. मालक हयात असतील आणि सही करायला तयार असतील, तर अडचण नाही. ज्या आरटीओत नोंद आहे तिथे, म्हणजे ठाणे एमएच-04, नवी मुंबई एमएच-43 किंवा पनवेल एमएच-46 मध्ये, सौदा पक्का करण्याआधी जाऊन विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हेही लक्षात असू द्या. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मनाने करता येत नाही. कुजलेली फळी बदलणं ही दुरुस्ती झाली. लांबी वाढवणं, दुसरा अॅक्सल (चाकांचा आस) टाकणं किंवा छत उंच करणं हा बदल झाला.

कागदच नसतील तर माझं मत स्पष्ट आहे: तो रस्त्यावर आणायच्या हिशेबाने घेऊ नका. मुरबाड-शहापूरकडे जागा असेल, तर तिथे उभी खोली म्हणून तो सुंदर दिसेल. तेवढीच किंमत द्या.

कागद जुळले की दाभण काढा. खिडक्यांचे खालचे कोपरे, दाराचा उंबरा, चाकावरच्या कमानीभोवतीची जमीन, छत आणि भिंत मिळतात ती कड आणि मागच्या दिव्यांच्या मागची जागा, एवढं टोचून बघा. जमिनीवर पायाच्या चवड्याने सगळीकडे दाबत चाला. गादीसारखी दबली, तर तिथलं प्लाय गेलेलं आहे. लाकडातली ओल मोजायचं दोन टोकांचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, ते घ्याच. 15 टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड निरोगी. 20च्या वर सतत राहिलं की कुजवणाऱ्या बुरशीला जगायला पुरेसं पाणी मिळतं. लाकूड वाळलं की बुरशी थांबते, पण गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून ‘आता वाळलंय, चालेल’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

ट्रेलरची बांधणी कोणती आहे हेही आधीच ओळखा. अमेरिकेत वॉली बायमने 1931मध्ये सुरू केलेल्या एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलरांत रिव्हेट मारलेला गोलाकार पत्राच भार पेलतो, विमानाच्या अंगासारखा. बाकी बहुतेक जुने ट्रेलर, आपल्याकडे गॅरेजमध्ये बनलेलेसुद्धा, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेले असतात. तिथे पत्रा म्हणजे रेनकोट, भार सगळा लाकडावर. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

जागा आणि महिने

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. ग्राइंडरचा आवाज, उडणारी धूळ आणि महिनोन् महिने अडलेली जागा कुणीच सहन करणार नाही, आणि करूही नये. मला कळव्याजवळ एका मंडप डेकोरेटरच्या गोदामात अर्धा गाळा भाड्याने मिळाला. ही सोय सुचवण्यासारखी आहे. गणपतीपासून लग्नसराईपर्यंत त्यांचे बांबू, कनाती, खुर्च्या बाहेर असतात, म्हणजे आपल्या कामाच्या दिवसांत गोदाम मोकळं. वर शेड असते, वीज असते आणि दोरीची गाठ कशी मारावी हे शिकवणारी माणसं असतात. वागळे इस्टेट, तुर्भे, महापे, शिळफाटा या भागांत असे गाळे चौकशी केली तर सापडतात.

माझं वेळापत्रक असं बसलं: दसऱ्यानंतर ट्रेलर उघडायचा, संक्रांतीपर्यंत चेसिस आणि सांगाडा, होळीपर्यंत पत्रा, छत आणि खिडक्या. एप्रिल-मे मध्ये वायरिंग करून घ्यायचं, पण आतल्या भिंती उघड्याच ठेवायच्या. मग पूर्ण पावसाळा तो तसाच, शेडच्या बाहेर, पावसात उभा करायचा. जून ते सप्टेंबर दर रविवारी आत टॉर्च घेऊन बसायचं. जे गळतंय ते दिसतं, कारण समोर झाकायला काही नसतं. आतलं प्लाय, कपाटं, गाद्या पुढच्या दसऱ्याला. यात एक वर्ष जातं, मान्य. पण एका पावसाळ्याची परीक्षा न देता बंद केलेली भिंत तिसऱ्या वर्षी पुन्हा उघडावी लागते. मी उघडली आहे.

सोडवताना

काही काढायच्या आधी फोटो काढा. भिंत समोरून, कोपरा जवळून, प्रत्येक जोड दोन बाजूंनी. मास्किंग टेपवर आकडा लिहून प्रत्येक तुकड्याला चिकटवा, आणि तोच आकडा वहीत. कुजलेला तुकडासुद्धा फेकू नका. तोच नव्या लाकडाचा साचा आहे. अर्धा मोडून हातात आला तरी जमिनीवर जुळवा, खाली पुठ्ठा ठेवा आणि कडेने पेन्सिल फिरवा. कमानीदार भिंतीची वळणं मापटेपने कधीच नीट येत नाहीत.

पत्रा ज्या क्रमाने बसवला त्याच्या उलट निघतो. बसवताना खालून वर जातात, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेर ओघळतं. त्यामुळे काढताना आधी कोपऱ्यांच्या पट्ट्या, मग छत, मग भिंती. पट्टीतल्या जुन्या स्क्रूंचे आटे गंजून बसलेले असतात. जोर लावला की डोकं तुटतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी नाही निघाला तर डोक्यातून ड्रिल मारा आणि पत्रा उचलून घ्या.

दोन धोके इथेच. भिंतीत जुनी ग्लासवुल असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चांगला मास्क हवाच. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, निघालेला गाळ कागदावर जमा करा. घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे गाळ्यातच बदला.

चेसिस

ट्रेलर जॅकवर उचलून चार मजबूत घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली कधीही शिरू नका.

वायर ब्रशचा कप ग्राइंडरला लावून गंज उडवा, मग हातोडीच्या टोकाने सगळ्या चॅनलवर ठोकत जा. धड लोखंड टणटण वाजतं, खाल्लेलं लोखंड बद्द आवाज देतं. खाडीच्या वाऱ्यात मीठ असतं, त्यामुळे आपल्याकडे चौकोनी पाईप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. माझ्या ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाईपात ठोकताच हातोडी आत गेली. ज्या वेल्डर मामांनी तो बदलला, त्यांनी जुना पाईप उभा कापून मला दाखवला. आत दोन मुठी लाल भुकटी होती. ‘पाणी शिरायला वाट होती, निघायला नव्हती,’ एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी प्रत्येक पाईपाच्या सगळ्यात खालच्या जागी 8 मिमीचं भोक ठेवतो.

वेल्डिंगच्या वेळी जवळचं लाकूड ओल्या गोणपाटाने झाका, पाण्याची बादली हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास जागेवरून हलू नका. लाकडात शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही, ती धुमसत राहते. साफ लोखंडावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निकामी करणारं द्रव), मग इपॉक्सी प्रायमर, मग दोन हात इनॅमल. पाईपाच्या आत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं पातळ मेण.

पाटे, यू-बोल्ट आणि बुश तपासून घ्या. बेरिंगचं काम मात्र स्वतः शिका, कारण रस्त्यात तेच दगा देतं. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काढा, बेरिंग रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, रोलर एकेक फिरवून बघा. निळसर डाग किंवा खड्डा दिसला तर नवं घ्या, बेरिंग ज्यात बसतं त्या वाटीसकट. नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत जा. दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत दाबायचं. जुन्या ग्रीसवर नवं चढवू नका. बसवताना चाक फिरवत नट आवळा, मग साधारण पाव आटा सैल करा, आणि स्प्लिट पिन नेहमी नवी. चाक हाताने वर-खाली हलवलं तर किंचितसा खेळ जाणवला पाहिजे.

टायरची नक्षी फसवते. उभ्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. सहा-सात वर्षांहून जुना असेल तर बदला, कितीही नवा दिसला तरी.

लाकूड

कुजलेला भाग संपतो तिथे करवत थांबवू नका. निरोगी दिसणाऱ्या लाकडात आणखी एक वीत पुढे जाऊन कापा, कारण बुरशीचे तंतू डोळ्याला दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात.

सांगाड्याच्या पट्ट्या बारीक असतात, साधारण 25 बाय 50 मिमी. यासाठी मला नव्या लाकडापेक्षा जुना साग आवडतो. नौपाडा, पाचपाखाडीत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात, आणि तिथल्या चौकटी, दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. पन्नास वर्षं वाळलेला तो साग आता पिळत नाही, वाकत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पातं जाईल. नव्या पट्ट्यांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी पाजा: एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक अॅसिड, ब्रशने तीन हात, विशेषतः कापलेल्या टोकांना. वाळवी आणि बुरशी दोन्हींना ते आवरतं. पाण्याने ते धुऊन जातं, म्हणून वाळल्यावर वरून प्रायमर हवाच.

जमिनीला 12 मिमी मरीन प्लाय, ज्यावर आयएस 710 लिहिलेलं असतं. लिहिलेलं असतं म्हणून विश्वास ठेवू नका. त्या मानकात प्लाय 72 तास उकळून थर सुटतात का ते पाहतात. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. आधी एक तुकडा मागून आणा आणि जुन्या पातेल्यात दिवसभर उकळा. मी हे दुसऱ्या खेपेला केलं. पहिल्या खेपेला शिक्का पाहून चार शीट उचलल्या होत्या. उरलेल्या तुकड्यावर पाणी उकळलं तर सहा तासांत त्याची पानं पुस्तकासारखी उघडली, आणि तोवर दोन शीट जमिनीला ठोकून झाल्या होत्या. सगळं उखडून काढावं लागलं.

सुताराशी एका गोष्टीवर वाद होणार, त्याची तयारी ठेवा. घरच्या कपाटांच्या सवयीने तो 19 मिमी प्लाय मागेल. आठ बाय चारची 19 मिमीची एक शीट साधारण 38 किलो भरते, 12 मिमीची 24 किलो, 4 मिमीची 8 किलो. अशा जाड चार शीटनी दीडशे किलो वाढतात, आणि ते वजन प्रत्येक घाटात गाडीच्या क्लचवर येतं. भिंतींना 4 मिमी, कपाटांना सागाची बारीक चौकट करून वर 4 मिमी, फक्त झोपायच्या फळीला 12. ‘शेठ, हे हलेल,’ असं सुतार म्हणाला होता. चौकटीला आडवी पट्टी दिल्यावर तोच त्यावर उभा राहून बघितला आणि मग काही बोलला नाही.

छत, खिडक्या आणि सिलिकॉनचा मोह

या कामात सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या नळीने. गळतंय? मार सिलिकॉन. पहिल्या वर्षी मी बाहेरून सगळ्या जोडांवर ते मारलं. पुढच्या जुलैत पाणी त्याच जागेतून आलं, आणि आता ते काढणं मुश्किल झालं होतं, कारण सिलिकॉनचा पातळ थर राहिला की त्यावर रंग, दुसरं सीलंट, इतकंच काय नवं सिलिकॉनही धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर धातूलाही खातं.

खरा उपाय जोडाच्या आत असतो, बाहेर नाही. खिडकीची चौकट पूर्ण काढा. मागची जुनी, कडक झालेली पुटी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पातं वापरलं तर पत्र्यावर ओरखडे पडतात. टर्पेंटाइनने पुसा. चौकटीच्या मागच्या कडेला ब्युटाइल टेप लावा. ही काळी किंवा राखाडी, च्युइंगगमसारखी पट्टी कधी कडक होत नाही. दोन टोकं एकमेकांवर बोटभर चढवा आणि तो जोड वरच्या किंवा बाजूच्या कडेला ठेवा, खाली कधीच नाही. चौकट बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. टेप कडेने बाहेर यायला लागली की थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन लागून टेप मऊ झाल्यावर, पुन्हा एकदा आवळा. बाहेर आलेली टेप कापून टाका आणि त्या रेघेवर हवं तर पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढा. छताचे जोडही असेच: आत ब्युटाइल, वर पॉलियुरेथेन.

खिडकीच्या चौकटीत खालच्या बाजूला दोन-तीन बारीक चिरा किंवा भोकं असतात. काचेच्या रुळात साठलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. माझ्या ट्रेलरमध्ये कुणीतरी कधीतरी, गळती थांबवायच्या चांगल्या हेतूने, ती बुजवली होती. पाणी रुळात साठायचं आणि उलटं आत सांडायचं. दाभण मुठीपर्यंत गेलं तो कोपरा याच खिडकीखालचा. चाळीस वर्षांचं लाकूड तांदळाएवढ्या तीन भोकांपायी गेलं. ती भोकं तारेने मोकळी करा आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा बघा.

स्क्रूंबद्दल: अॅल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू गेला की दोन धातूंमध्ये, खारट दमटपणात, विजेची बारीक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. पत्रा पत्र्याला जोडायला बंद टोकाचे अॅल्युमिनियम पॉप रिव्हेट घ्या, 4 मिमीच्या रिव्हेटला 4.1चं ड्रिल. जुनं भोक मोठं झालं असेल तर 4.8 मिमीचा रिव्हेट. जिथे स्क्रूच हवा तिथे स्टेनलेस, तोही सीलंटमध्ये बुडवून. पत्र्याला रंग देताना रेड ऑक्साईड चालत नाही, तो अॅल्युमिनियमवर धरत नाही. आधी एच (etch) प्रायमर, जो धातूला किंचित कोरून धरतो, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. आरशासारखं पॉलिश करायचा मोह बाजूला ठेवा. खाडीच्या हवेत ते काही महिन्यांत मंद पडतं. छत पांढरंच ठेवा, मे महिन्यात फरक हाताला कळतो.

आता तपासणी. पावसाची वाट न बघता ती एप्रिलमध्ये होते. सगळ्या खिडक्या, हवेच्या जाळ्या टेपने बंद करा. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून धूळ उडवायच्या ब्लोअरची हवा आत सोडा. आतला दाब किंचित वाढतो. मग बाहेरून स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, प्रत्येक रिव्हेटवर मारत जा. जिथे छिद्र आहे तिथे बुडबुडे येतात. मला छतावर एकाच रांगेत सात सापडले, पत्र्यावर डोळ्याला एकही दिसत नव्हता. खडूने गोल करा, मग दुरुस्त करा, मग पुन्हा हवा.

पावसाळ्यात मीटर वापरताना एक ध्यानात ठेवा: हवा इतकी ओली असते की आपल्याकडचं कोरडं लाकूडही 16-18 दाखवतं. म्हणून नुसता आकडा पाहू नका, फरक पाहा. ट्रेलरच्या मध्यातली पट्टी 17 आणि खिडकीखालची 24, तर तिथे पाणी आहे, बोटाला कोरडं लागलं तरी.

वीज

हे काम सोपं आहे, फक्त दोन जागी चुकायचं नाही. पहिली, वायरची जाडी. 12 व्होल्टवर करंट जास्त असतो आणि बारीक वायर व्होल्ट खाते. सहा मीटरवरच्या 60 वॅटच्या फ्रीजला 5 अँपिअर लागतात. जाऊन-येऊन 12 मीटर वायर 1.5 चौरस मिमीची असेल तर 0.7 व्होल्ट वाटेतच जातात आणि फ्रीज कुरकुरतो. 4 चौरस मिमीत फक्त 0.26 जातात. दुसरी, फ्यूज. बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज हवाच. लाकडी भिंतीतून जाणाऱ्या वायरचं शॉर्टसर्किट फ्यूजशिवाय म्हणजे आगच.

100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण 1280 वॅट-तास देते. माझा दिवसाचा खर्च: दिवे 50, पंखा रात्रभर 200, फोन 40, छोटा फ्रीज चोवीस तास सुमारे 480. म्हणजे जवळपास 770. एक दिवस आरामात, दुसऱ्या दिवशी छतावरचं सोलर पॅनेल लागतं. बाहेरून 230 व्होल्ट घेणार असाल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चेसिसला अर्थिंग, आणि हे कनेक्शन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या.

मागचे दिवे कधी लागतात, कधी नाही, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट चमकतो, हा रोग जवळजवळ नेहमी अर्थचा असतो. हिचच्या (गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या) गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. सात पिनच्या सॉकेटमधून स्वतंत्र अर्थ वायर मागच्या दिव्यांपर्यंत न्या.

आत

भिंतीत 25 मिमी एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम, बसवा. ती पाणी पीत नाही. ग्लासवुल एकदा भिजली की पोटीस बांधल्यासारखी लाकडाला चिकटून राहते. एक्सपीएस पेट घेते, म्हणून ती कुठेही उघडी ठेवू नका, वर प्लाय हवंच. आपल्या हवेत मात्र जास्त फरक पडतो तो वाऱ्याने. छतात उघडणारी झडप, जमिनीजवळ एक जाळी, एवढ्याने रात्र झोपण्यासारखी होते.

गॅस मी आत ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीवर, गादीखाली साठतो, आणि झोपलेल्या माणसाला वास यायच्या आत खूप उशीर होतो. पाच किलोचं सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, आतून पूर्ण बंद अशा कप्प्यात आहे. त्याच्या तळाला खाली उघडणारं भोक आहे. शेगडी बाजूच्या घडीच्या फळीवर, बाहेर. वर ताणायची छत्री मंडपवाल्यांनीच त्यांच्या कनातीच्या कापडातून शिवून दिली, कडेला पितळी कडी ठोकून.

पाण्याला 40 लिटरचा कॅन आणि पायाने दाबायचा पंप. टाक्या, पाईप यांच्या नादी लागायची गरज मला वाटली नाही.

जोडून निघताना

हिचचा गोळा आणि कप्लर (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी वाटी) एकाच मापाचे आहेत का ते कॅलिपरने मोजा. 50 मिमी आणि दोन इंच म्हणजे 50.8 मिमी, नजरेला दोन्ही सारखे. दोन इंची कप्लर 50च्या गोळ्यावर बसतो, पण सैल बसतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देत अडकवा, म्हणजे कप्लर सुटला तरी दांडी रस्त्यावर आपटणार नाही.

पूर्ण सामान भरून कळंबोलीच्या किंवा शिळफाट्याच्या वजनकाट्यावर न्या. माझा 690 किलो भरला. मग सपाट जागी, चाकं जमिनीवर ठेवून, पुढची दांडी लाकडाच्या ठोकळ्यावर आणि तो बाथरूमच्या काट्यावर ठेवा. तिथे एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, आणि तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत हवा. भार फार कमी असेल, म्हणजे जड सामान मागे असेल, तर ट्रेलर साठच्या वेगाला शेपटीसारखा डुलायला लागतो. पाण्याचा कॅन आणि बॅटरी अॅक्सलच्या जरा पुढे ठेवली की हे जमतं. गाडी ट्रेलर ओढायच्या योग्यतेची आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो, पण कसारा आणि माळशेज पाहिलेल्या माणसाने ब्रेक असलेलाच ट्रेलर ओढावा.

पहिली फेरी जवळची करा. आम्ही नोव्हेंबरमधल्या एका रविवारी पहाटे पाचला कळव्याहून निघून शहापूरच्या अलीकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. पंधरा किलोमीटरवर थांबून हबवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे. पन्नास किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा आवळायचे. दोन्ही हब कोमट होते. शेतावर पोचल्यावर बायकोने कपाटातले ते जुने पडदे काढले, धुऊन, इस्त्री करून आणलेले, आणि त्याच खिडकीला लावले.